यानांगमातेची तहान

थाविनसाहेबांच्या गाडीने पहिली किंकाळी फोडली ती नगरपालिकेच्या फाटकात, नेमके नगराध्यक्ष समोरून चालत येत असताना. आवाज इतका अवचित आला की नगराध्यक्षांनी दचकून हात जोडले. वरिष्ठाने कनिष्ठाला आधी नमस्कार करावा, असं थायलंडमधल्या नखोन सावनच्या पालिकेत याआधी कधी घडलं नव्हतं. हा अधर्म तिथल्या तिथे मिटवायला थाविनसाहेबांनी दोन्ही हात जोडून, मान पार खाली लववून, वरचढ नमस्कार केला. दोन्ही हात नमस्कारात गुंतल्यामुळे स्टिअरिंगला हात उरला नाही आणि गाडी जाऊन बोगनवेलीच्या कुंडीला टेकली. कुंडी पालिकेची असल्याने तिला गेलेल्या तड्याबद्दल साहेबांना तीन प्रतींत खुलासा लिहून द्यावा लागला. 'अपघाताचं कारण' या रकान्यात त्यांनी 'आदर' असं लिहिलं.

थाविनसाहेब पालिकेत गटारं आणि सांडपाणी विभागाचे उपप्रमुख. गावातलं पाणी कुठून निघतं, कुठे तुंबतं आणि कुणाच्या अंगणात शिरतं, याचा त्यांनी सव्वीस वर्षं अभ्यास केला होता. या अभ्यासामुळे त्यांची स्वतःबद्दल अशी पक्की समजूत झाली होती की आपण शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ आहोत. घरात बाकी कुणाची तशी समजूत नव्हती, पण बहुमताने शास्त्र ठरत नाही असं ते म्हणत.

एरवी अकरा वर्षांच्या हिरव्या गाडीने चार किंकाळ्या जास्त फोडल्या म्हणून कुणाचं काही अडलं नसतं. पण त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीची, चोंपूची, लाम्पांगच्या सरकारी शाळेत शिक्षिका म्हणून नेमणूक झाली होती. सोळा तारखेला हजर व्हायचं होतं. चोंपू सहा वर्षांची असताना एकदा शाळेच्या दारात भोकाड पसरून उभी होती, तेव्हा साहेबांनी तिला शब्द दिला होता की तू मोठेपणी बाई झालीस की तुझ्या शाळेत तुला सोडायला मीच येईन. शब्द तिच्या लक्षात होता की नाही कोण जाणे. साहेबांच्या लक्षात होता. गेली सतरा वर्षं ते मनातल्या मनात त्या रस्त्याने गाडी चालवत होते. शेजारच्या सीटवर चोंपू, आणि मध्येच कुठेतरी थांबून भाजलेली केळी, इथपर्यंत सगळं ठरलेलं होतं.

बुप्फाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हा बेत एका वाक्यात मोडला. असल्या ओरडणाऱ्या गाडीतून साडेतीनशे किलोमीटर घाट चढून माझी मुलगी जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. माझा भाऊ आहे. तो नेईल.

हा भाऊ म्हणजे प्रयोंगदादा. बदकांचा मोठा व्यापारी. त्याच्याकडे चार दारांचा नवा पिकअप होता आणि त्याला तो कुणाला ना कुणाला तरी कुठे ना कुठे पोहोचवायची फार हौस होती. साहेबांच्या गाडीला तो 'खेकडा' म्हणायचा. बहिणीला असा नवरा मिळाल्याबद्दल त्याने चोवीस वर्षं कधी तोंडाने तक्रार केली नव्हती. तो फक्त दर भेटीत गाडीभोवती एक चक्कर मारायचा, टायरला पायाने टोचून बघायचा आणि सुस्कारा सोडायचा.

शेवटी तह झाला. पंधरा तारखेच्या सकाळपर्यंत गाडीचा आवाज गेला तर साहेबांनी न्यावं. नाही गेला तर प्रयोंगदादाने. हातात पाच आठवडे होते. पाच आठवड्यांत आपण सबंध बाजारपेठेचं गटार उलट दिशेला वळवलं होतं, याची साहेबांनी स्वतःला आठवण करून दिली. त्यानंतर दोन वर्षं बाजारपेठेत पाणी भरत होतं, याची आठवण करून द्यायला त्या वेळी जवळ कुणी नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी हिया ल्योंगचं गॅरेज होतं. वयाने मोठ्या चिनी दुकानदाराला सगळे हिया म्हणतात, तसे याला सगळे म्हणत. तो मात्र कुणालाच काही म्हणत नसे. साहेबांनी गाडी नेली तेव्हा ती देवळात जाऊन आल्यासारखी शांत झाली. हियाने ती सुरू केली, बंद केली, एसी लावून बघितला, चाकं डावी-उजवीकडे वळवून बघितली. गाडीने हूं की चूं केलं नाही. मग साहेबांनी स्वतः आवाज काढून दाखवला. पहिल्यांदा जमला नाही. दुसऱ्यांदा इतका हुबेहूब निघाला की समोरच्या शेवयांच्या गाडीवरची गिऱ्हाइकं उठून उभी राहिली.

"साहेब, गाडी ठीक आहे," हिया म्हणाला. "तुम्हाला झोप लागते ना?"

साहेब गाडी घेऊन बाहेर पडले. चौकात लाल दिव्याला थांबले आणि हिरवा झाल्यावर गाडीने अशी किंकाळी फोडली की पुढचा रिक्षावाला न वळायच्या बाजूला वळला. साहेब तसेच उलटे फिरून गॅरेजात गेले. गाडी गप्प. असं एका दुपारी चार वेळा झालं. पाचव्या वेळी हियाने त्यांना लांबून येताना पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

माणसाच्या घरात आजारपण आलं की शेजारी डबा घेऊन येतात आणि गाडीत आवाज आला की सल्ला घेऊन येतात. डबा निदान परत करता येतो. पहिले आले चुआनकाका. हे रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले, त्यामुळे रुळावरून न धावणाऱ्या कुठल्याही वाहनाबद्दल त्यांना मनातून कीव होती. त्यांनी बोनेट उघडायला लावलं, आत बघून बराच वेळ मान हलवली आणि सांगितलं की हा बेल्टचा आवाज आहे, त्यावर अंगाचा साबण घास. साहेबांना हे शास्त्रीय वाटलं. घरात साबण होता तो बुप्फाबाईंचा, जाईच्या वासाचा. अर्धी वडी बेल्टवर गेली. तीन दिवस गाडी मुकी झाली आणि तिच्या मागून जाणाऱ्यांना कुणीतरी नुकतंच न्हाऊन पुढे गेल्यासारखं वाटत राहिलं. चौथ्या दिवशी आवाज परत आला. चुआनकाका म्हणाले की मग साबण चुकीचा असणार, आमच्या वेळी रेल्वेचा साबण वेगळा होता.

तेव्हा साहेबांनी हा प्रश्न खात्याच्या पद्धतीने हाताळायचं ठरवलं. त्यांनी एक जाड वही आणली आणि रेघा मारून रकाने पाडले: तारीख, वेळ, ठिकाण, हवामान, एसी चालू की बंद, आवाजाचा प्रकार. प्रकार तीन ठरवले: लांब, तुटक आणि अपमानास्पद. अपमानास्पद म्हणजे ओळखीचं माणूस जवळून जात असताना झालेला. दोन आठवड्यांत सदुसष्ट नोंदी झाल्या. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा, की सदुसष्टपैकी एकोणसाठ आवाज अपमानास्पद होते. गाडीला माणसं ओळखता येतात, यापलीकडे शास्त्र काही सांगू शकलं नाही.

बुप्फाबाईंना वहीची गरज नव्हती. प्रत्येक गाडीत असते तशी या गाडीतही वाहनाची राखण करणारी यानांगमाता होती, आणि ती तहानलेली होती, हे त्यांना पहिल्या किंकाळीलाच कळलं होतं. गाडी घेतल्यापासून साहेबांनी तिला एक फुलांची माळ सोडली तर काही दिलं नव्हतं. अकरा वर्षं एखाद्या बाईकडून फुकट काम करून घेतलंत तर ती ओरडणारच, असं बाईंनी साहेबांकडे रोखून बघत सांगितलं. मग उपोसथाच्या, म्हणजे बौद्ध व्रताच्या, दिवशी सकाळी त्यांनी गाडीसमोर तिवई मांडली, तिवईवर लाल सरबताची बाटली ठेवली, झाकण काढून तीत नळी घातली, उदबत्ती लावली आणि हात जोडून बराच वेळ काही पुटपुटल्या. उदबत्ती संपल्यावर परवानगी मागून बाटली उचलली, घरात नेली आणि बर्फ घालून स्वतः प्यायल्या.

साहेबांनी ही संधी सोडली नाही. नळी कशाला, माता बाटलीला तोंड लावत नाही वाटतं, असं त्यांनी विचारलं. लालच का, संत्र्याचं का नको, असंही विचारलं. माता प्यायली तर बाटली भरलेली कशी, या प्रश्नावर तर ते चुआनकाकांच्या अंगणात जाऊन पंधरा मिनिटं बोलले. अंधश्रद्धेमुळे देश कसा मागे राहतो आणि गटारं कशी तुंबतात, यांचा त्यांनी एकमेकांशी संबंध जोडून दाखवला. बुप्फाबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस गाडीही काही बोलली नाही. ते दोन दिवस साहेबांना फार जड गेले.

तिसऱ्या दिवशी बुप्फाबाई आईकडे गावी गेल्या, आठवड्यासाठी. गाडी त्याच संध्याकाळी ओरडली. पंधरा तारीख बारा दिवसांवर आली होती. आईबरोबर गेलेली चोंपू फोनवर म्हणाली की मामा विचारतोय, सामान किती आहे. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं बाबा," असंही म्हणाली, आणि हे तिने इतक्या मायेने म्हटलं की साहेबांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गटारं आणि सांडपाणी विभागाचे उपप्रमुख पालिकेच्या पंपघरामागे गाडी घेऊन गेले. बरोबर कागदात गुंडाळलेली लाल सरबताची बाटली होती. आजूबाजूला कुणी नाही हे त्यांनी दोनदा बघितलं. आता तिवई मांडा, नळी घाला, उदबत्ती विझेपर्यंत थांबा, हे सगळं करायला सुट्टी पुरणार नव्हती आणि कारकुनांपैकी कुणी बघितलं असतं तर निवृत्तीपर्यंत पुरलं असतं. शिवाय मधल्या पायऱ्या गाळून थेट काम करणं यातच साहेबांची हयात गेली होती. त्यांनी बोनेट उघडलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या, मातेला उद्देशून अगदी हळू आवाजात चार शब्द बोलले आणि सबंध बाटली इंजिनावर ओतली.

गाडी गप्प झाली. संध्याकाळपर्यंत गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आधीच्या दुप्पट ओरडली. यावरून साहेबांनी शास्त्रीय अनुमान काढलं की मातेला गोडी लागली आहे. त्या दिवशी त्यांनी दोन बाटल्या ओतल्या. पुन्हा दुपारभर शांतता, पुन्हा सकाळी किंकाळी, आता जरा चिकट आणि जास्त लांब. पालिकेच्या कोपऱ्यावरच्या दुकानदारीणबाईंनी एकदा विचारलं की साहेब, घरी पाहुणे आलेत का. "आले आहेत," साहेब म्हणाले. "खूप पितात."

चुआनकाकांच्या पत्नीचं, पिमकाकूंचं, मत याच सुमारास पुढे आलं. साहेब शनिवारी जन्मलेले आणि गाडी हिरवी. शनिवारच्या माणसाला हिरवा चालत नाही हे लहान पोराला ठाऊक असतं. गाडी रंगवून घ्यायला आता वेळ नव्हता, म्हणून पिमकाकूंनी स्वतः बाजारातून चिकटपट्टी आणून मागच्या काचेवर लावून दिली: 'ही गाडी काळी आहे.' ग्रहांना एवढं लिहून दिलेलं पुरतं. नको म्हणायचं बळ साहेबांमध्ये उरलं नव्हतं.

ग्रहांना पुरलं, सरकारला पुरेना. जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, ती नेमकी आता आली होती आणि तो कागद नसता तर लाम्पांग सोडाच, बाजारातही गाडी काढता आली नसती. तपासणी केंद्रावरचा तरुण अधिकारी फार नियमाचा होता. तो गाडीभोवती फिरला, कागद बघितले, पुन्हा गाडी बघितली.

"नोंदीत गाडी हिरवी आहे," तो म्हणाला.

"गाडी हिरवीच आहे," साहेब म्हणाले.

"पण गाडी म्हणते ती काळी आहे."

साहेबांनी ग्रहांची बाजू मांडून बघितली. अधिकारी म्हणाला की माझीही बहीण शनिवारचीच आहे, मला सगळं कळतं, पण वाहनावरचा मजकूर आणि वाहनाची नोंद जुळत नसेल तर रंगबदलाचा अर्ज भरावा लागेल. अर्ज घ्यायला रंग बदललेला पाहिजे. रंग बदललेला नसल्यामुळे अर्ज घेता येणार नाही, आणि अर्ज नसल्यामुळे पुढे जाता येणार नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना अशीच उत्तरं देण्यात गेल्यामुळे साहेबांना त्यातलं सौंदर्य लगेच जाणवलं, पण आनंद झाला नाही. शेवटी 'काळी' या शब्दावर जेवणाच्या डब्याला लावायचा कागद चिकटवण्यावर तडजोड झाली. 'ही गाडी आहे' एवढंच उरलं, आणि त्याबद्दल नोंदीत दुमत नव्हतं.

नेमकी तेव्हाच गाडी ओरडली. अधिकाऱ्याने पेन काढून 'आवाज: आहे' असं लिहिलं आणि गॅरेजवाल्याकडून आवाज गेल्याचं पत्र आणायला सांगितलं. साहेब हिया ल्योंगकडे गेले. हिया म्हणाला, जो आवाज मी कधी ऐकलाच नाही तो गेला असं मी कसं लिहू? त्याने प्रामाणिकपणे लिहून दिलं: 'या गाडीचा आवाज मी आजपर्यंत ऐकलेला नाही.' हे पत्र केंद्रावर चाललं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. साहेबांना कागद मिळाला, शिक्का मिळाला. आवाज तेवढा जागेवर होता.

पंधरा तारीख रविवारी आली. सकाळी सहालाच प्रयोंगदादाचा पिकअप गल्लीत येऊन उभा राहिला, आणि 'उगाच आपलं सोयीचं' म्हणत त्याने चोंपूच्या दोन मोठ्या पेट्या वर चढवूनही टाकल्या. चुआनकाका आणि पिमकाकू निरोप द्यायला आले होते. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चोंपूची लहान बॅग त्यांनी स्वतः पुढच्या सीटपाशी नेऊन ठेवली, आत बसले आणि किल्ली फिरवली.

आजवरच्या सदुसष्ट नोंदी आणि त्यानंतर न केलेल्या सगळ्या नोंदी एकीकडे, आणि हा आवाज एकीकडे. प्रयोंगदादाने कानांवर हात ठेवले. त्याचा धंदा बदकांचा, तरीही ठेवले. मग तो नेहमीसारखी गाडीभोवती चक्कर मारायला निघाला, पण साहेबांनी त्याला टायरपर्यंत पोहोचू दिलं नाही. गाडी तशीच ओरडत ओरडत त्यांनी गल्लीच्या तोंडाशी हिया ल्योंगच्या दारात नेली आणि सगळी मंडळी मागून चालत आली.

हियाने या वेळी आवाज ऐकला. ज्या माणसाने लेखी पत्र दिलेलं असतं त्याला असा आवाज ऐकून जे वाटेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने बोनेट उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. आतून गोड वास आला. लाल मुंग्यांची एक रांग बॅटरीवरून चढून पुलीवरून वळून खाली चालली होती, आणि बेल्टवर चिक्कीसारखा लाल चकचकीत थर बसला होता. हियाने बोटाने तो खरवडला, वास घेतला, आणि नंतर जिभेलाही लावला.

"सरबत," तो म्हणाला. "बेल्ट जरा सैल होता, बाकी काही नव्हतं. महिन्यापूर्वी आवळला असता तर दहा मिनिटांचं काम. पण त्यावर कुणीतरी बाटल्याच्या बाटल्या ओतल्यात. ओलं असेपर्यंत गप्प बसणार, वाळलं की बोंबलणार. कुणी केलं हे?"

सगळ्यांनी बुप्फाबाईंकडे बघितलं. उपोसथाच्या दिवशी तिवई मांडून बसलेल्या त्या सगळ्या गल्लीला दिसल्या होत्या. प्रयोंगदादा तर पोट धरून हसायला लागला. आमच्या बहिणीने गाडीला सरबत पाजून मारलं, असं तो चुआनकाकांना सांगू लागला, मग पिमकाकूंना सांगू लागला, आणि हे आता सगळ्या बदकवाल्यांना सांगितल्याशिवाय राहणार नाही असंही म्हणाला. बुप्फाबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांची बाटली घरात जाऊन त्यांच्याच पोटात गेली होती, आणि हे एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलं, साहेबांकडे बघितलं आणि मिटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं."

इथे थाविनसाहेबांनी जे केलं ते सांगताना सांगणाऱ्यालाच संकोच होतो. त्यांच्या छातीवरचा मोठा दगड खाली आला, श्वास मोकळा झाला, आणि त्या मोकळ्या श्वासाच्या भरात त्यांनी बायकोला माफ केलं. हात वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "जाऊ दे. अज्ञानाने होतं माणसाकडून. मी काही मनाला लावून घेत नाही."

बुप्फाबाईंनी आपली पिशवी उचलली आणि गल्लीत उभ्या असलेल्या भावाच्या पिकअपकडे चालायला लागल्या. रागाने नाही, अगदी सावकाश. चोंपूने एकदा आईच्या पाठीकडे बघितलं, एकदा बाबांकडे. मग पुढच्या सीटपाशी ठेवलेली आपली बॅग काढून घेतली.

"आई तिकडे तर मी तिकडे," ती म्हणाली.

हियाने बेल्ट कापून काढला, पुली गरम पाण्याने धुतली, मुंग्या झटकल्या, नवा बेल्ट चढवून आवळला. किल्ली फिरवली. गाडी लोण्यासारखी चालू झाली. पाच आठवडे ज्या शांततेसाठी साहेबांनी जिवाचं रान केलं ती शांतता आता समोर होती, आणि तीत फक्त गल्लीत सुरू झालेल्या पिकअपचा आवाज येत होता. साहेबांना कळलं की आवाज गेला तरी मुलगी शेजारी बसणार नाही, आणि हे सर्वस्वी आपल्यामुळे.

ते पळाले. पंचावन्नाव्या वर्षी, इस्त्रीच्या शर्टात, गल्लीतून पळाले आणि पिकअपच्या पुढे जाऊन उभे राहिले. घसा खाकरला. माणसाला अशा वेळी सवयीचीच भाषा सुचते.

"सदर सरबत," ते म्हणाले, "उपरोक्त इंजिनावर ओतण्याचं काम माझ्याकडून झालेलं आहे. पंपघराच्या मागे. एकूण अकरा बाटल्या. तिचा काही संबंध नाही."

प्रयोंगदादाचं हसू तोंडातच राहिलं. चुआनकाकांनी आपल्या ज्या अंगणात अंधश्रद्धेवर पंधरा मिनिटांचं भाषण झालं होतं त्या अंगणाकडे एकदा वळून बघितलं.

"मला माहीत होतं," बुप्फाबाई म्हणाल्या. "पालिकेत दर सोमवारी घालता त्या खाकी गणवेशावर लाल डाग कुठून आले, ते धुणाऱ्या बाईला कळतं हो. वाट बघत होते. तुम्ही मला माफ कराल असं मात्र वाटलं नव्हतं."

"चुकलो," साहेब म्हणाले. हे त्यांनी साध्या भाषेत म्हटलं.

"आणि मागितलंत काय तिच्याकडे? अकरा बाटल्या घालून?"

साहेबांनी चपलेकडे बघितलं. "चोंपूने माझ्या शेजारी बसून लाम्पांगला यावं. दुसरं काही नाही मागितलं."

चोंपू पिकअपमधून उतरली, बॅग घेऊन गॅरेजपर्यंत चालत गेली आणि हिरव्या गाडीचं पुढचं दार उघडून आत बसली. पट्टासुद्धा लावला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. घाईघाईने ते दुसऱ्या दाराकडे निघाले, तर बुप्फाबाई आडव्या आल्या.

"थांबा. मागितलंत ते मिळालं. बदल्यात काय देईन म्हणालात?"

"काही नाही."

"अहो, काही न कबूल करता कुणी मागतं का? नवस फेडल्याशिवाय या गाडीत मी पाय ठेवणार नाही आणि पोरीलाही नेऊ देणार नाही. घाटाचा रस्ता आहे. काय बोललात तेवढं सांगा."

साहेबांनी चारी बाजूंना बघितलं. शेवयांच्या गाडीवर रविवारची गर्दी होती. हिया हात पुसत उभा होता. असा नवस फेडायला लोक देवळात नाचणाऱ्या बायका बोलावतात. पण पालिकेच्या आवारात नाचणाऱ्या बायका आणायच्या तर नगराध्यक्षांची लेखी परवानगी लागली असती, आणि त्या दिवशी पंपघरामागे साहेब घाईत होते.

"मी स्वतः नाचेन म्हणालो," ते इतक्या हळू म्हणाले की पिमकाकूंनी ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. "गाडीपुढे. नऊ फेऱ्या."

मग कुणी हसलं नाही, कारण हा थट्टेचा विषय नव्हता. पिमकाकूंनी आपल्या गळ्यातला पंचा साहेबांच्या कमरेला बांधला. चुआनकाकांनी टाळ्यांचा ठेका धरला, तो जरा आगगाडीच्या चालीवर गेला, पण चालला. प्रयोंगदादाने पिकअप मागे आणून गॅरेजसमोर लावला आणि त्याच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी ढोल वाजवायला सुरुवात केली. नव्या पत्र्याला पोचे येतील याची त्याने फिकीर केली नाही. पहिल्या दोन फेऱ्या साहेब गटाराची मोजणी करत असल्यासारखे नाचले. तिसऱ्या फेरीला मनगटं वळायला लागली. चौथ्या फेरीला त्यांनी काचेतून आत बघितलं. चोंपू हसता हसता रडत होती आणि हात जोडून बसली होती, मातेला की बापाला ते काचेतून कळत नव्हतं. पाचव्या फेरीला बुप्फाबाईंनी पिशवी खाली ठेवली, केस नीट केले आणि त्यांच्या मागोमाग नाचायला लागल्या.

नऊ फेऱ्या झाल्यावर साहेब धापा टाकत गाडीत बसले. नववी मोजायला चुकली असेल म्हणून बुप्फाबाईंनी त्यांना उतरवून आणखी एक घालायला लावली, आणि मग सगळे लाम्पांगला निघाले.